चालवणारा निवृत्त

"'निरुपयोगी' लिहा आणि सही करा, पुंडलिकराव."

शिक्षण कार्यालयातल्या भूपेंद्र साहेबांनी सरकवलेला कागद पुंडलिकरावांनी वाचला आणि परत सरकवला. "फिल्म चालते, साहेब."

समुद्रपूरच्या आसपासच्या शाळांत एसटीने सिनेमाचं मशीन नेऊन ते बत्तीस वर्षं पोरांना सिनेमे दाखवत आले होते. आता शाळांना टीव्ही मिळाले. जुनं सामान मोडीत निघालं. पण चालवणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय ते मोडीत काढता येत नसे. फिल्मच्या बाकी सगळ्या डब्यांच्या कागदांवर त्यांनी सही केली होती. ही एक राहिली: कार्टून नवी नवी होती त्या काळातली, परदेशी बालगीतांवरची, उंदराची आणि राजाची दहा मिनिटांची मुकी फिल्म.

सही होईपर्यंत निवृत्तीचे कागद वर्ध्याला जाणार नाहीत, हे साहेबांनी स्पष्टच सांगितलं.

"काका, माह्या घरी दिवसभर कार्टून चालू राह्यते," कारकून रीता म्हणाली. "ह्या मुक्या उंदराले कोण पाह्यते?"

साहेबांनी फिल्म लावूनच दाखवायला सांगितली. खिडकीवर सतरंजी टाकली. भिंतीवर उंदीर राजाच्या मिशीत शिरला आणि दुसऱ्याच क्षणी राजा विहिरीत होता.

"मधलं कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"तुटलं तिथं कापून जोडत गेलो."

"म्हणजे बत्तीस वर्षं सरकारी फिल्म कापत बसलात."

पुंडलिकराव भिंतीजवळ गेले आणि वर्गात म्हणत तसे मोठ्याने म्हणाले,

"राजाच्या मिशीत उंदीरमामा,
शिंक आली तं फाटला जामा!"

पळता राजा, घसरलेला पाय, सगळं त्यांनी तोंडानेच भरून काढलं. रीता हसली, मग साहेबांकडे पाहून कागद चाळू लागली.

"म्हणजे चालते ती तुमच्या तोंडावर," साहेब म्हणाले. "तुम्ही गेल्यावर कोण म्हणणार?"

पुंडलिकरावांनी इतक्या पोरांना ऐकवलं होतं, पण म्हणायला कुणालाच शिकवलं नव्हतं.

त्यांनी फिल्म उलटी गुंडाळून डबीत ठेवली. मग कागदावरचा रकाना भरला: 'फिल्म चालू. चालवणारा निवृत्त.' खाली सही केली.

"हे कारण चालणार नाही. तुमचे कागद इथंच सडतील."

"राहू द्या. माह्यापाशी दुसरं कारण नाई."

साहेब कुलूप घेऊन दारात उभे राहिले, लवकर आवरा म्हणाले. मशीनचा बल्ब अजून तापलेला होता. तो निवल्याशिवाय झाकण लावायचं नसतं. पुंडलिकराव मशीनजवळ थांबून राहिले.