वळणातला ब्रेक

हंबीररावांनी नखाने टोक उचललं आणि ऊर्मीच्या मोटरसायकलच्या मागच्या लाईटवरची काळी टेप सर्रकन ओढून काढली. पडल्यावर काचा ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून उतरायच्या आधी सगळेच आपापल्या गाडीचे आरसे आणि लाईट टेपने बुजवतात, ऊर्मीनेही सकाळी उकिडवं बसून मन लावून बुजवले होते, आणि ओळीत उभ्या अकरा गाड्या सोडून हा माणूस नेमकी तिचीच टेप काढत होता.

"सर, माझीच का?"

"मला बघायचं आहे, अम्मा. तुझ्या मागनं येतो. चल."

एवढंच. हंबीरराव इथले शिकवणारे, तंजावरकडच्या मराठी घरातले, साठी उलटलेली, इतरांशी तमिळ आणि हिच्याशी मराठी, मधेच लाडाने अम्मा नाहीतर कण्णा, तेही असं की कुणीतरी जुनं पत्र मोठ्याने वाचतंय. सकाळपासून एकच टकळी लावली होती त्यांनी, डावी वळणं छान, उजव्या वळणाला घाबरतेस. घाबरते कोण? आधीच श्रीपेरुंबुदूरचं ऊन, त्यात अंगावर चामड्याचा सूट, आणि वर हे. ऊर्मीने दात आवळले आणि गाडी अशी काही सोडली की बाजूचा पोरगा दचकून मागे सरला.

पहिलं डावं वळण झकास गेलं. मग ते लांबलचक उजवं. आता दाखवतेच म्हणून ती आत शिरली आणि मध्यावर गाडी नेहमीसारखी आडमुठी झाली, कलेचना, सरळ बाहेरच्या पट्ट्याकडे निघाली. पुढच्या फेरीत तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. रागाने तिचे खांदे लाकडासारखे झाले होते.

परत आल्यावर हंबीररावांनी सावकाश हेल्मेट काढलं.

"दर उजव्या वळणात, मध्यावर, तुझा ब्रेक लागतो. लाईट लाल होतो, कललेली गाडी उभी राहते आणि बाहेर पळते. ब्रेक काय तो आधी, सरळ रस्त्यावर. आत गेलीस की वळण संपतं तिकडे बघ आणि बोटं आवर."

"मी ब्रेक दाबलाच नाही."

"मग लाईट खोटं बोलतो?"

"सर, मी ईसीआरवर पडलेय. उजव्याच वळणावर. वाळू होती तिथे, वाळूवर कुणीही पडेल. मला ब्रेकचं नका सांगू."

"तिथलं मला काय ठाऊक, कण्णा? इथं वाळू नाही." आणि ते चहाला निघून गेले.

यामिनी शेडमध्ये एका खुर्चीत बसली होती, डावा पाय समोरच्या खुर्चीवर लांब करून. अण्णा नगरच्या फ्लॅटमधली ऊर्मीची रूममेट. आठ महिन्यांपूर्वी ईसीआरवर, चेन्नईच्या त्या समुद्रकाठच्या हायवेवर, तीच ऊर्मीच्या मागे बसली होती. पायात रॉड, गुडघा अजून पुरता वाकत नाही. घरच्यांना, ऑफिसात, डॉक्टरांना ऊर्मीने शंभरदा ती वाळू सांगितली होती आणि यामिनीने दर वेळी मान डोलावली होती. ती मान डोलावायची म्हणून तर ऊर्मीला झोप लागायची.

"ऐकलंस? म्हणे ब्रेक लागतो," ऊर्मीने ग्लोव्ह खुर्चीवर आपटले. "जाऊन सांग त्या म्हाताऱ्याला. वाळू होती की नाही?"

"होती."

"मग?"

"रस्त्याच्या बाहेर होती."

ऊर्मीने आपटलेले ग्लोव्ह पुन्हा उचलले.

"रस्ता स्वच्छ होता, ऊर्मे. तू ब्रेक दाबलास, माझं हेल्मेट तुझ्या हेल्मेटवर आपटलं, गाडी सरळ झाली आणि मग आपण वाळूत गेलो. मी मागे बसले होते, झोपले नव्हते."

"आणि हे आत्ता सांगतेस? आठ महिन्यांनी?"

"कधी सांगायचं होतं?" यामिनीचा आवाज चढला नाही, पण हातातली पाण्याची बाटली चेपत चालली होती. "रॉड माझ्या पायात घालत होते आणि रडत तू होतीस. माझी आईसुद्धा तुलाच पाणी देत होती. मला चिडायला जागाच ठेवली नाहीस तू."

शिट्टी झाली. पुन्हा ऊर्मीच्या बॅचची पाळी. ऊर्मीला खूप काही बोलायचं होतं, पण ग्लोव्ह उलटा घातला गेला, तो काढून पुन्हा घालण्यातच वेळ गेला. ती निघाली तेव्हा यामिनीही उठली आणि पाय ओढत, भर उन्हात, उजव्या वळणाच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

ऊर्मीने ब्रेक इतका आधी मारला की मागून येणारे दोघं तिला ओलांडून गेले. जाऊ देत. बोटं थ्रॉटलभोवती गच्च, नजर वळणाच्या पार शेवटाकडे. गाडी कलली. आणखी कलली. दुसऱ्या फेरीलाही. तिसरीला बोटं ब्रेकवर गेलीच. चौथी, पाचवी नीट.

ती आत आली तेव्हा हंबीरराव टेपचं रीळ घेऊन उभे होते, यामिनी मागून लंगडत येत होती.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या फेरीत ब्रेक लागला," यामिनी लांबूनच म्हणाली.

ऊर्मीने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. ती हंबीररावांकडे न बघता यामिनीकडे बघून म्हणाली,

"लागला नाही. मी दाबला."

यामिनी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, अजून रागातच, आणि म्हणाली,

"बोल पुढे."