हसलेल्या करंज्या

चहाघराच्या भटारखान्यात अळकुडी मळताना सिउ-पिंगचं लक्ष आज सारखं बाहेर जात होतं. खिडकीपाशी तिची सून वाय-लाम आणि चार वर्षांची नात नोक-यी बसल्या होत्या. नोक-यी पाळण्यात असतानाच मुलगा गेला. आता सुनेनं दुसरं लग्न केलं होतं आणि दुपारच्या विमानानं दोघी हाँगकाँग सोडून कॅनडाला निघाल्या होत्या. सिउ-पिंगनंच तिला म्हटलं होतं, "माझ्या तोंडाकडे बघत किती दिवस काढशील, बाई?"

तिला हवं होतं ते एवढंच, की पोरीनं जाताना आजीच्या हातची अळकुडीची करंजी खावी. नोक-यी आधी तळताना वर फुलून आलेली जाळी कुरकुर खायची आणि सारण आजीच्या बशीत ढकलायची. बापाला खाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी सवय अगदी त्याचीच.

आज जाळी खूप फुलावी म्हणून सिउ-पिंगनं पिठात डुकराची चरबी मूठभर जास्त घातली.

"मावशी, आधी एक तळून बघ," शेजारच्या वाफेच्या चुलीवरचा लुंग म्हणाला. "तूच शिकवलंयस."

"तू जन्मायच्या आधीपासून तळतेय मी. तुझी वाफ सांभाळ."

तिनं सगळ्या एकदम सोडल्या. क्षणभर फुलल्या आणि हसल्या. जाळी सुटून तेलभर पसरली, सारण तळाला गेलं. लुंगनं नुसताच झारा पुढे केला, तेच तिला जास्त लागलं.

"आजी, माझी जाळी?" बाहेरून हाक आली.

"आलेच गं, सोने!"

"तू नको, जाळी येऊ दे!"

बाजूला ठेवलेली, चरबी न घातलेली अळकुडी उरलेल्या पिठात कालवून तिनं घाईनं एकच करंजी वळली. ती तेलात सुरेख फुलली. तोवर वाय-लाम दारात उभी. "आई, टॅक्सी आलीय हो."

करंजी निथळून बशीत घेईतो वेळ गेला, तशीच सिउ-पिंग रस्त्यावर धावली. टॅक्सी सुटली होती, काच वर होती. नोक-यीला बशी दिसली. आजीनं चहा ओतला की आभार म्हणून टेबलावर वाजवायची तशी तिनं दोन बोटं काचेवर वाजवली.

सिउ-पिंग आत आली. उभ्यानंच तिनं मऊ पडत चाललेली जाळी खाल्ली, आणि सारण बशीच्या कडेला ढकलून ठेवलं.