देणारी मी, घेणारीही मीच

भूगावातल्या टॉवरचं काम संपत आलं तेव्हा आमच्या कंपनीचे मालक दयानंद सर यांनी मला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. म्हणाले, "उज्वला, प्रोजेक्ट मॅनेजर तू आहेसच. आजपासून फॅसिलिटी मॅनेजरही तूच. दोन्ही कामं येणारं माणूस आख्ख्या मुळशीत सापडायचं नाही. करिअर झालं तुझं!"

खोटं नव्हतं. आधी मी साइटवर इमारती उभ्या केल्या, मग हिंजवडीत उभ्या इमारती चालवल्या. लिफ्ट, पाणी, जनरेटर, तुंबलेले संडास, सगळं. बांधणाऱ्याला पुढचे हाल दिसत नाहीत, चालवणाऱ्याला भिंतीआडचं ठाऊक नसतं. मला दोन्ही कळत होतं, आणि त्याचा मला माज होता. पेढा गोड लागला.

घोटावड्याला आमच्या आईला सांगितलं. ती शेळ्या बांधत होती.

"मंजी बांधून देणारी तूच आन् ताब्यात घेणारी बी तूच?"

"व्हय."

"बकरं इकणारा कवा दात दाखवतो का गं? घेणारा जबडा उघडून बघतो. हितं जबडा कोण उघडायचा?"

"आई, बकरं न्हाई ते, बिल्डिंग हाय."

"मग तर लईच बघून घ्यावं."

आईनं नेमकं बोट ठेवलं होतं. इमारत पुरी झाली की प्रोजेक्टवाला ती फॅसिलिटीवाल्याच्या ताब्यात देतो, आणि त्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. व्हायलाच पाहिजे. एक म्हणतो झालं, दुसरा म्हणतो दाखव. राहायला येणाऱ्यांचा जीव त्या भांडणामुळं सुरक्षित असतो. सरांनी मला बढती दिली नव्हती, ते भांडण मारून टाकलं होतं.

कारण आगीचा पंप. लाईट असली की तो झकास चालायचा. पण आमच्याकडं वारा सुटला की लाईट जाते, आणि जनरेटरपासून पंपापर्यंत केबलच नव्हती. मी मागितली होती, सरांनी ऑर्डरमधून काढली.

मी पुन्हा केबिनमध्ये गेले. "सर, केबलशिवाय ताबा कसा घ्यायचा?"

"लिफ्ट चालते ना जनरेटरवर? लोक लिफ्ट बघतात. पंप कोण बघतो?"

"फॅसिलिटी मॅनेजर बघतो."

"ती तूच आहेस की!" सर मनापासून हसले. "दोन सह्या ठोक. रविवारी चाव्या वाटायच्यात."

रविवारी मांडव पडला, लोक आले. पौडला दुकान असलेले शहनवाज मुजावर व्हीलचेअरवरच्या आईला, रहिमतबींना, घेऊन पुढंच बसले होते. त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. मला बघताच म्हणाले, "मॅडम, आता नवीन तारीख सांगू नका हां. अम्मी शेजारणींचा निरोप घेऊन आलीय."

सरांनी माझ्यापुढं पेन धरलं. मी ते घेतलं नाही. इलेक्ट्रिशियनला मेन स्विच पाडायला सांगितला आणि माईक नसताना मोठ्यानं बोलले, "मी फॅसिलिटी मॅनेजर. बिल्डिंग ताब्यात घ्यायला आलेय. प्रोजेक्ट मॅनेजर कुठायत?"

लोक इकडंतिकडं बघायला लागले. मी दोन पावलं बाजूला सरकले. "मीच."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला ऊन लागलं."

मी परत पहिल्या जागी येऊन म्हटलं, "आगीचा पंप चालवून दाखवा. लाईट नसताना."

"चालणार नाही," पुन्हा बाजूला सरकून मीच उत्तर दिलं.

"का?"

"जनरेटरवरून केबल ओढलेली नाही."

"मग ताबा देताय कशाला?"

"मालकांनी सांगितलंय म्हणून."

इलेक्ट्रिशियननं आग विझवायची नळी ताणून तोंड उघडलं. पाइपात साठलेलं पाणी एकदा भसकन आलं आणि नळी खाली लोंबली.

"नाटकं बंद कर!" सर ओरडले.

शहनवाजभाई आधी माझ्यावरच उखडले. "आज सांगताय हे? घर सोडून आलोय आम्ही!"

त्यांचं खरं होतं. रहिमतबींनी मात्र मुलाची बाही ओढली. "आग लागली तर लिफ्टनं उतरायचं नसतं ना रे? मग मला कोण उतरवणार? तू? सिलिंडर सरकवला तर दोन दिवस झोपून होतास."

शहनवाजभाई सरांकडं वळून म्हणाले, "चाव्या राहू द्या तुमच्याकडंच. आधी केबल." त्यांच्यामागं एकेक खुर्ची उठली.

सरांनी मला तिथंच, मांडवात काढून टाकलं. "दोन पदं दिली, दोन्ही खाल्लीस," म्हणाले. मी म्हटलं, "पदं दोन होती, तर माणसं पण दोन ठेवायची होती." दोन्ही कामं येणं गुन्हा नाही. येतात म्हणून मालकानं माझ्याच हातानं माझं तोंड दाबायचं, हा गुन्हा आहे. मी गप्प बसले असते तर त्यात मी भागीदार झाले असते.

सरांनी लगेच माझ्या जागी दोन माणसं घेतली. त्यातल्या फॅसिलिटीवाल्याचा, विश्रामचा, मला फोन आला. "मॅडम, प्रोजेक्टवाला रोज सहीसाठी मागं लागलाय. घेऊ का ताबा?"

"लाईट घालवून पंप चालवून पाहिलास?"

"पाहिला. नाही चालत."

"मग मला काय विचारतोस? भांड जाऊन!"