नाव कोणाचं घ्यायचं

माझं व्याख्यान थांबवायला ताईने मला तिच्या कार्यालयात बोलावलं, तेव्हाच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई, माझी सख्खी मोठी बहीण, नन आहे आणि आमच्या कॅथलिक विद्यापीठाची कुलगुरूही. मी तिथेच इतिहास शिकवते. व्याख्यानाचा विषय होता मठाचं जुनं प्रसूतिगृह. तिथे लग्नाआधी आई झालेल्या मुलींना ‘बाळ दगावलं’ म्हणून सांगायचे आणि जिवंत बाळ परक्याच्या ओटीत घालायचे. जुन्या कागदांत मला अशा एका आईचं नाव सापडलं होतं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” ताई म्हणाली.

“मग विद्यापीठ कशाला काढलंत? मूठ झाकायला मठ पुरेसा होता!”

ती चिडली नाही. याचाच मला जास्त राग येतो. चष्मा पुसत तिने विचारलं, “त्या बाईचं नाव घेणार आहेस. तिला विचारलंस?”

नव्हतं विचारलं. ती नाही म्हणेल, या भीतीने मी गेलेच नव्हते.

संध्याकाळी गेले. बाईंनी दार अर्धंच उघडलं. आत नातवंडं टीव्ही बघत होती. “घरात कुणाला माहीत नाही,” त्या कुजबुजल्या. “माझं नाव घेऊ नका. पण बोला तुम्ही. मला त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही हो.”

सकाळी ताईला सांगितलं, नाव गाळते.

“नाव नाही, मग पुरावा कसला?”

म्हणजे छापा पडला तरी तीच जिंकणार, काटा पडला तरी तीच! “तुला बाईंची अब्रू वाचवायचीच नाहीये. मठाची वाचवायचीय.”

“आणि मावशीची,” ती म्हणाली. प्रसूतिगृह आमची सख्खी मावशी चालवायची. तीही नन. आमची शिक्षणं तिनेच केली. “आपलेच दात, आपलेच ओठ. बोललीस तर नोकरीवर पाणी सोड.”

व्याख्यानाच्या वेळी सभागृहाला ताईने कुलूप लावलं होतं, म्हणून मी जिन्यात उभी राहून बोलले. विद्यार्थी पायऱ्यांवर बसले. ताई खाली दारात उभी होती. बाईंचं नाव मी घेतलं नाही. “पण बाळं कोणी देऊन टाकली, त्यांची नावं घेणार,” मी म्हणाले, आणि पहिलं मावशीचं घेतलं. “ही माझी सख्खी मावशी. माझ्या वेण्या घालायची.”

“पुरे! खाली ये!” ताई ओरडली.

मी दुसरं नाव घेतलं.