दोक्सूला न आठवणारी सोरान

सोरान हट्टी आहे हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. म्हणूनच मासळीच्या ऐन हंगामात दोक्सूची होडी उलटली, त्याला बेशुद्ध काठावर आणलं आणि तिसऱ्या दिवशीही तो डोळे उघडेना, तेव्हा ती दवाखान्याच्या दारात रडत बसली नाही. तिथे रडायला दोक्सूची आई होती. सोरानला तर तो हक्कही नव्हता. दोन वर्षं दोघांचं जमलेलं होतं, पण ते फक्त तिच्या मैत्रिणीला, मालसुनला माहीत होतं.

तिने वाफाळता भात बांधून घेतला, वाडगाभर तांदळाची दारू घेतली आणि ओहोटीला पश्चिमेच्या टोकावरच्या खडकाकडे निघाली. तिथे सागर-आजीला नैवेद्य ठेवायची बेटाची रीत होती.

खडकावर एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"भात कुणाला?" म्हातारीने विचारलं.

"तुम्हाला. दोक्सूला परत द्या."

"फुकट?"

"मागा काय ते."

म्हातारीने भात चवीने खाल्ला, बोटं चाटली. "त्याच्यात तुझं जे काही आहे ते मला दे. तुझं नाव, तुझा आवाज, ही दोन वर्षं. पोरगा जगेल, पण तुला ओळखणार नाही."

"आणि माझ्यात त्याचं आहे ते?"

"ते तुझं तुझ्यापाशी. ते ओझं मला कशाला?"

"घ्या."

"अगं, विचार तरी कर."

"मी विचार करत बसले तर तो उठणार आहे का? घ्या म्हणते ना!"

म्हातारीने वाडगा तोंडाला लावला. सोरानने पापणी मिटून उघडली तेव्हा खडकावर नुसते शिंपले होते.

त्याच दुपारी दोक्सू उठला आणि शेवाळाचं सूप मागितलं. आईला ओळखलं, मालसुनला ओळखलं, शेजारच्या कुत्र्यालासुद्धा नावाने हाक मारली. मग दारातल्या सोरानकडे बघून म्हणाला, "या कोण?"

"अरे, वरच्या आळीतली सोरान," आई म्हणाली.

"माफ करा हं," तो अदबीने वाकला. "तुम्हाला ओळखलं नाही मी."

मरणाच्या बातमीसाठी तिने मन घट्ट केलं होतं. या 'तुम्ही'साठी केलं नव्हतं.

"सांगून टाक ना सगळं," मालसुन म्हणाली. "त्याच्या चिठ्ठ्या आहेत की तुझ्याकडे!"

"दिलेलं परत मागायचं नाही. पण नव्याने मिळवायला त्या म्हातारीने कुठे मना केलंय?"

दुसऱ्याच आठवड्यात ती दोक्सूच्या मामाच्या वाळवणावर कामाला लागली. बारीक मासळी मिठाच्या पाण्यात उकडायची आणि चटयांवर पसरायची. दोक्सूही तिथेच होता. डॉक्टरांनी त्याला समुद्र बंद केला होता. मागच्या वेळी प्रेम जमताना जे जे घडलं होतं ते सगळं सोरानने पुन्हा घडवून आणलं. त्याच झाडाखाली डबा उघडला, तेच गाणं गुणगुणली, तीच भाजलेली रताळी पुढे केली. दोक्सू आभार मानायचा आणि लांब जाऊन बसायचा.

"बाई आहेस की पोलीस?" मालसुनने टोमणा मारला. "नुसती पाळत ठेवतेस त्याच्यावर."

एका दुपारी अचानक सर आली. शंभर चटया उघड्यावर, आणि दोक्सू आभाळाकडे बघत उभा.

"अरे मुडद्या, बघतोस काय? ते टोक उचल!" सोरान ओरडली.

तो दचकला, मग पोट धरून हसायला लागला. चटई ओढतानाही हसत होता. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं. दोघं भांडायला लागली, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं पळवायला लागली. यातलं काहीच मागच्या वेळी झालं नव्हतं.

उन्हाळा सरत आला. मासळी निवडता निवडता दोक्सूने मान वर न करता विचारलं, "तू माझ्याकडे बघतेस तेव्हा माझ्या मागे दुसरं कुणी उभं असल्यासारखं बघतेस. कोण आहे तो?"

सोरानचे हात थांबले. "होता एक."

"पहिलं प्रेम?"

"हो."

"मला त्याचा राग येतो," दोक्सू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझं हे पहिलंच आहे, सोरान. दुसऱ्याच्या जागेवर मी बसणार नाही. माझ्यासाठी वेगळी जागा असेल तर सांग, नसेल तर तसं सांग."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरले. ज्याला परत आणायला ती एवढी झटत होती, तो येणार नव्हता; तो तिने स्वतःच्या हाताने दिला होता. आणि हा समोरचा तिच्याशी भांडणारा माणूस मात्र तिचं उत्तर ऐकायला थांबला होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

सकाळी तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला आणि मासळी उकडायच्या चुलीत घातला. मालसुन धावत आली. "वेडी झालीस का? एवढंच तर उरलं होतं तुझ्याकडे!"

"ज्याच्या होत्या तो गेला," सोरान म्हणाली. चिमटा हातात असूनही तिने एकही चिठ्ठी बाहेर ओढली नाही. सगळ्या जळेपर्यंत उभी राहिली.

मग हात धुऊन ती थेट दोक्सूच्या स्वयंपाकघरात गेली. "काकू, मला तुमच्या दोक्सूशी लग्न करायचंय."

त्याच्या आईच्या हातातला डाव खाली पडला. "अगं, मुलगी स्वतः येते का कुठे मागणी घालायला?"

"मोठी माणसं येतील मागाहून. मला आधी याला उत्तर द्यायचंय."

दोक्सू दारात उभा होता. "आणि तो?" त्याने हळूच विचारलं.

"त्याच्यासाठी मी रडले, पुढेही कधी रडेन. ते तुला सोसावं लागेल. पण मागणी तुला घालतेय."

दोक्सूने तिला बसायला चटई सरकवली. मग आईकडे वळून म्हणाला, "आई, हिला जेवायला वाढ. सकाळपासून उपाशी असणार."