मावशीचा घसरलेला ट्रक

या, अशा जवळ या, पुढे सरका. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्यांचं हसू येतं. माझ्या मावशीच्या फळ्याची गोष्ट सांगतो. देवाची लीला म्हणा किंवा काकांची, ऐकून तुम्हीच ठरवा.

मावशी गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंग हातात देण्याआधी ती सगळ्यांना खोलीत बसवते आणि पांढऱ्या फळ्यावर मार्करने चौक, खुणा, गाड्या काढून नियम समजावते. त्या दिवशी परवाना कचेरीतले तपासनीस वर्ग बघायला येणार होते. शिकवणं त्यांच्या मनास आलं तर वर्ग चालू, नाही तर दाराला कुलूप.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लाकडी सामानाला पॉलिश करतात. माणूस लाखमोलाचा, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ. मावशीचा फळा वापरून वापरून करडा झाला होता. कितीही पुसा, जुन्या गाड्यांची भुतं त्यावर फिरतच असायची. बायकोचा मोठा दिवस, म्हणून काका सकाळीच खोलीवर गेले आणि स्पिरिटने फळा लख्ख धुतला. तिथेच थांबले असते तर बरं होतं. पण धुतलेली वस्तू पॉलिशवाल्याला तशी उघडी सोडवत नाही. त्यांनी वरून मेण चढवलं आणि मऊ फडक्याने घोटलं.

मावशी आली, फळ्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. "अगंबाई, कधी नव्हे ते कामाला आलात," ती म्हणाली. काका लाजून दारात उभे राहिले.

तपासनीस शेवटच्या बाकावर बसले. मावशीने थांबण्याची रेषा काढली, तर रेषेचे थेंब थेंब झाले. नवा मार्कर घेतला, हलवला, दाबून रेषेच्या वर जाडजूड ट्रक काढला. रेषेच्या खाली रस्ता ओलांडणारा माणूस काढला. शाई गोळा होऊन ट्रक हळूच खाली निघाला.

"अहो, फळ्याला काय लावलंत?"

"मेण. दोन हात."

"दोन?"

"एकाने म्हणावी तशी चमक येईना."

शिकायला आलेला शिंपी म्हणाला, "बाई, रस्ता वाळेपर्यंत बाहेर जाऊन येऊ का?" वर्ग हसला. तपासनिसांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशीने पुसायला फडकं उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. ट्रक रेषा ओलांडत होता.

"हा ट्रक मी कुठे उभा केला होता?" तिने विचारलं.

"रेषेच्या मागे," शिंपी म्हणाला.

"आता?"

"माणसाच्या पायावर."

"ब्रेक सुटला का?"

"नाही बाई. रस्ताच गुळगुळीत."

"मग चूक रस्त्याची?"

शेवटच्या बाकावरून तपासनिसांनीच विचारलं, "मग ड्रायव्हरने करायचं काय?"

मावशी खुलली. रस्ता निसरडा असला की वेग आधीच कमी करायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, पुढच्यापासून चांगलं अंतर ठेवायचं. तपासनीस उठून फळ्यापाशी आले. "रेषेपासून लांब एक गाडी काढा बघू."

तिने काढली. गाडी घसरू लागली. अख्खा वर्ग श्वास रोखून बघत होता, काकांचे तर हात जोडलेले. गाडी रेषेच्या बोटभर अलीकडे येऊन थांबली.

"वर्ग चालू ठेवा," तपासनीस म्हणाले. "मात्र फळा धुऊन घ्या."

"आत्ता धुतो साहेब," काका पुढे झाले, "आणि वरून जरासं..."

"नुसता धुवा," मावशी आणि तपासनीस एकदमच बोलले.

तर बाबांनो, रस्ता ओला असेल तेव्हा ब्रेकवर पाय ठेवताना माझ्या मावशीची आठवण ठेवा. काकांचीही ठेवा, पण जरा अंतर राखून.