नातीची अंघोळ

"आई, पाणी निवत चाललंय. चंद्राबाई येणार कधी नि न्हाऊ घालणार कधी?"

समीक्षाने आतून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सुंदरा अंगणात होती. तिथे तिला काही काम नव्हतं. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडत होती, आणि त्याआधी काठोकाठ भरलेल्या पिंपात उगाच आणखी दोन कळशा ओतून आली होती.

"येईल गं. पळसदरीच्या फाटकाशी रिक्षा मिळत नसंल तिला."

"तू घाल ना मग. सगळ्या तालुक्याची पोरं न्हाऊ घातलीस."

"मनगट दुखतंय, सांगितलं ना तुला."

मनगटाला पट्टी होती खरी. कालपर्यंत ती उजव्या मनगटाला होती, आज सकाळच्या गडबडीत डाव्याला बांधली गेली होती. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

सुंदरा सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळंतिणी आणि बाळं न्हाऊ घालत आली होती. कर्जतच्या जुन्या आळीतली, नेरळच्या नव्या इमारतींमधली. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, डाळीचं पीठ आणि साय चोळायची, तांब्याने पाणी सोडायचं, आणि मग टाळूवर तेल थापायचं. भर बाजारात मिसरूड फुटलेला एखादा मुलगा भेटला की ती त्याच्या मित्रांदेखत सांगायची, "ह्याच्या नाकाला मी धार काढली हाय, नायतर भजं होतं भजं." मुलगा लाजायचा, हिला आनंद व्हायचा. अशा बाईने स्वतःच्या पहिल्या नातीला न्हाऊ घालायला दुसरी बाई लावली. गावात चर्चा होणारच होती, ती झाली.

खरं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नेरळला चौथ्या मजल्यावर एक बाळ न्हाऊन झालं, दुपट्यात गुंडाळून सुंदरा त्याला गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन उभी राहिली. बाळाने जांभई दिली. आणि तिच्या मनात आलं, टाकलं तर? एवढंच. कोणी मागून कानात बोलावं इतकं स्पष्ट.  ती तिथेच फरशीवर बसली आणि बाळाच्या आईला हाक मारून म्हणाली, "घ्या हो जरा ह्याला, मला चक्कर आली."

त्या दिवसापासून तो विचार तिच्यासोबत घरोघर हिंडू लागला. टाळूवर तेल थापताना अंगठ्याखाली ती मऊ जागा उडायची आणि मनात यायचं, दाब. कढत पाण्याचा हंडा जवळ असला की यायचं, ओत. ती कोपर बुडवून पाणी चार-चारदा बघू लागली. बाळाच्या आईला "इथंच बसा हां" म्हणू लागली. सोमवारचा उपास होताच, त्यात गुरुवारचा घातला. विचाराने उपासाला दाद दिली नाही. शेवटी मनगटाचं निमित्त करून तिने एकेक घर सोडलं.

घरं सुटल्याचं तिला फारसं वाटलं नाही. तिला भीती होती ती वेगळीच. ज्या बाईच्या मनात असलं येतं ती बाई कसली? कैदाशीणच ती. आधी वाटलं, आपल्या आत कोणी दुसरीच शिरलीय. मग त्याहून वाईट वाटू लागलं, की दुसरी कोणी नाहीच, हीच आपण खरी, सव्वीस वर्षं लपून बसलेली. हे नवऱ्याला, कोंडाजीला, कसं सांगायचं? त्याच्याच ताटात ती भाकरी वाढत होती.

आणि आता समीक्षा पहिलटकरीण म्हणून शिळफाट्याहून माहेरी आलेली, नऊ दिवसांची पोर घेऊन. नऊ दिवसांत सुंदराने नातीला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

एक काम मात्र हात न लावता होण्यासारखं होतं, ते दृष्ट काढायचं. ते ती जीव ओतून करायची. त्या दिवशी दिवेलागणीला तिने मुठीत मीठ-मोहरी घेतली, बाळावरून उतरवत पुटपुटली, "आल्याची, गेल्याची, वाटेवरच्याची, शेजारपाजारची..." आणि मग आवाज अगदी खाली नेऊन, "सुंदराची."

समीक्षा झोपलेली नव्हती. ती उठून बसली.

"आई, तू स्वतःचं नाव घेतलंस?"

"नाय गं. असतं ते त्यात."

"नसतं. जन्मापासून ऐकतेय मी." समीक्षाचा आवाज चढला. "काल पट्टी उजव्या हाताला होती, आज डाव्या. मला काय येडी समजतेस? मुलगी झाली म्हणून तुला हिला हात लावायचा नाय. रूपेशच्या आईनं तोंड वाकडं केलं, ते सोसलं मी. सासू हाय ती. पण तू गं?"

चोरी केलीस म्हणाली असती तरी सुंदरा गप्प राहिली असती. हे मात्र तिला ऐकवेना.

"मुलगी म्हणून नाय गं पोरी. भ्या वाटतं मला. माझ्या मनात येतं, हिला टाकीन. पाण्यात बुडवीन. मी करत नाय, पण मनात येतं गं. सारखं येतं."

समीक्षाने बाळ उचललं, छातीशी धरलं आणि भिंतीकडे सरकली. ठरवून नाही, हात आपोआप गेले तिचे. सुंदराने ते पाहिलं आणि तिला वाटलं, बरोबरच आहे. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. ती उठली, मीठ-मोहरी चुलीत टाकली आणि तडतडणं थांबलं तरी तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी विमलबाई बाळाचं वजन करायला आल्या. उपकेंद्रातल्या या नर्सबाईंचं आणि सुंदराचं बावीस वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. कानात तेल घालू नका, धुरी देऊ नका, नाक ओढू नका. सुंदरा मान हलवायची आणि आपलंच करायची. समीक्षाचे डोळे सुजलेले होते. तिने आडपडदा न ठेवता आईचं सगळं सांगून टाकलं. सुंदराला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

विमलबाईंनी आधी काट्यावरचा आकडा वाचला. "दोन किलो आठशे. छान." मग बाळ झोळीतून काढून त्या सुंदराकडे वळल्या. "कधी केलंत का काही? साधा चिमटा?"

"देवाशपथ नाय."

"करावंसं वाटतं?"

"काय बोलता बाई! मनात आलं की हातपाय गार पडतात माझे. घास उतरत नाय."

"मग ज्याला खरंच करायचंय त्याचे हातपाय गार पडतील होय?" विमलबाई खालीच बसल्या. "हा आजार आहे, सुंदराबाई. कितीतरी बाळंतिणींना होतो, बोलत नाहीत बिचाऱ्या. देवापुढं उभं राहिलं की शिव्या आठवतात म्हणून रडणारा माणूस पाहिलाय मी. जे आपल्याला सर्वात नकोसं, तेच येऊन छळतं. कर्जतला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं. चिठ्ठी देते."

"मी येडी हाय काय?"

"वेड्या नाही, हट्टी आहात. आणि काम सोडून बसलात ते चुकलं. कुत्रं भुंकतं म्हणून रस्ता बदलला, की उद्या ते त्याही रस्त्याला येतं."

विमलबाई गेल्या. सुंदराला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. बाईंना आतलं काय माहीत, असं म्हणत ती विहिरीवर गेली, तिथून गोठ्यात, गोठ्यातून पुन्हा घरात. चिठ्ठी तिने दोनदा उघडून पाहिली. आपलं नाव तिला तेवढं वाचता आलं. घरात समीक्षा फोनवर बोलत होती, "उद्यापासनं नका येऊ, चंद्राबाई. आई घालील."

"अगं, नको! डॉक्टरला तरी भेटू दे आधी."

"डॉक्टरकडं जायचंच हाय. मंगळवारी मी येते सोबत." समीक्षाने फोन ठेवला. "मला पण भ्या वाटतंय आई, खोटं नाय सांगत. मी तिथंच बसीन."

अकराव्या दिवशी सुंदरा न्हाणीत पाटावर बसली, लुगडं गुडघ्यांपर्यंत घेतलं आणि पाय लांब केले. समीक्षाने बाळ तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं आणि समोर उकिडवी बसली, हातभर अंतरावर. सुंदराने कोपर बुडवून पाणी तीनदा बघितलं. पण पाठीला पीठ लावायला सुरुवात केली आणि बोटं आपापल्या कामाला लागली. खांदे, कंबर, पायांच्या वळ्या. पोर आधी किंचाळली, मग पाणी अंगावरून जाऊ लागलं तशी गप्प झाली. कोंडाजी बाहेरून विचारून गेला, "रडायची थांबली का गं?" 

मग तिने बाळ उताणं केलं. एवढंसं तोंड, मिटलेल्या मुठी. पोरीने डोळे उघडून आजीकडे पाहिलं, आणि सुंदराचा हात हवेतच थांबला.

"आलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते येताक्षणी मोठ्याने सांगितलं होतं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "समे, आलं मनात."

समीक्षाचा हात झटकन पुढे झाला, बाळाच्या दिशेने. मध्येच थांबला.  मग तो हात बाजूला वळला, त्याने घंगाळातून तांब्या भरून घेतला आणि आईपुढे धरला.

"हं, घे. मानेखाली पीठ राहिलंय."

सुंदराने तांब्या घेतला, दोन बोटांनी पोरीची हनुवटी अलगद वर केली आणि मानेखाली पाणी सोडलं.